लाल पाकिटात एक्कावन्न

यिशुन, सिंगापूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. मैत्रेयीस,

पाकीट पाहून दचकू नकोस. इथे कोणी आजारी नाही. फोनवर आपण दोघी लगेच भांडतो आणि विचारायचं असतं ते राहून जातं. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

सेंगकांगला राहणारी नंदा तुला आठवत असेल, मंडळाच्या नाटकात दरवर्षी सासूचं काम हट्टाने मागून घेणारी. तिच्या मोबाइलवर हल्ली ऑनलाइन कॅसिनोच्या जाहिराती येतात. शंभर डॉलर भरा, वर दोनशे आम्ही घालतो. तिचा अमेय लंडनला असतो. त्याला तिकडे येते ती जाहिरात म्हणजे दहा पौंड भरा, दहा घ्या. नंदाला मुलाचा अपमान झाल्यासारखं वाटलं. तिने मला विचारलं, मला उत्तर येईना, तर म्हणाली, "तुझी भाचीच असल्या कॅसिनोच्या दुकानात नोकरीला आहे, तिलाच विचार की." मी तिला चहा दिला आणि विषय बदलला.

पण प्रश्न चुकीचा नाही. खेळ तोच, फिरणारं चाक तेच, मग देश बदलला की बोनस का बदलतो? व्याजाचा दर देशागणिक का बदलतो ते मी सांगू शकते. सगळी नोकरी बँकेच्या नियमपालन खात्यात काढली आहे. हे मात्र मला येत नाही, आणि मला न येणारी गोष्ट तुला येते असं सहसा होत नाही. तेव्हा सांग.

दिवाळीत तू पुण्याला येऊन गेलीस असं तुझ्या बाबाने कळवलं. पुण्यापर्यंत आलीस, तिथून इथे यायला एक रात्रसुद्धा लागत नाही. रजा नसेल.

तुझ्या खोलीत इस्त्रीचं टेबल ठेवावं असं नंदाने सुचवलं होतं. ठेवलेलं नाही.

उत्तर कामापुरतं लिहिलंस तरी चालेल.

सुलेखा आत्या


स्लीमा, माल्टा
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

इथे पत्रपेटीत विजेच्या बिलाशिवाय काही येत नाही. तुझं अक्षर पाहून मी जिन्यातच पायरीवर बसले. वाचल्यावर कळलं की पत्र बोनसबद्दल आहे. तरी तिथेच बसून दोनदा वाचलं.

आता उत्तर. तू हॉकर सेंटरमध्ये नूडल्सचा स्टॉल टाकला आहेस असं समज. (कल्पना करूनच हसू येतं. गिऱ्हाईक भांडी घासून परत द्यायला शिकलं असतं.) नवीन माणूस यावा म्हणून पहिली वाटी फुकट द्यायची. किती मोठी? तो माणूस पुढे वर्षभरात तुझ्याकडे किती खर्च करील त्यावर. कॅसिनोचं तेच आहे. प्रत्येक देशासाठी एक आकडा काढलेला असतो, इथला माणूस सरासरी किती हरतो त्याचा. बोनस हा त्या आकड्यातून आधीच कापून ठेवलेला तुकडा. त्यातून सरकारचा कर जातो. ब्रिटनमध्ये फुकट दिलेल्या खेळावरसुद्धा कर लागतो, मग फुकट द्यायला हात आखडतो.

त्यावर कायदा. बेल्जियममध्ये बोनस देताच येत नाही. स्वीडनमध्ये एकदाच, पहिल्यांदा नाव नोंदवताना. आणि बोनस म्हणजे हातात पैसे नव्हेत हे नंदामावशीला नक्की सांग. दोनशे डॉलर दिले की खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चाळीस पट फिरवा. म्हणजे आठ हजारांच्या पैजा लावून झाल्याशिवाय त्यातला एक डॉलर बाहेर निघत नाही, आणि तोवर बहुतेकांचे स्वतःचे शंभरही गेलेले असतात. ब्रिटनमध्ये जानेवारीपासून ही मर्यादा दहा पटींची होते आहे. अमेयच्या दहा पौंडांचं इतकं वाईट वाटून घेऊ नका, म्हणावं. त्याचा बोनस लहान आहे, पण त्याचा आहे.

सिंगापूर आमच्या यादीत नाही. नंदामावशीला येतात त्या जाहिराती दुसऱ्या कोणाच्या तरी.

दिवाळीला खरंच रजा नव्हती. पुण्यात आईबाबांनी खूप लाड केले. मी त्यांच्या घरात पाहुणी असते, तुला माहीत आहे. कपाट उघडायच्या आधी विचारते.

इथे कॉफी फार चांगली मिळते. आपल्या ब्लॉकखालची कोपी मिळत नाही.

मैत्रेयी


यिशुन
९ डिसेंबर २०२५

चि. मैत्रेयीस,

उत्तर समजलं. नंदाला वाचून दाखवलं, स्टॉलचा भाग वगळून. ती म्हणाली, मुलीचं मराठी अजून शाबूत आहे. रविवारचं शुद्धलेखन वाया गेलं नाही म्हणायचं. त्या वेळी माझ्यावर फार चिडायचीस.

मला तुझ्या पत्रातून एक गोष्ट कळली, ती तू लिहिलेली नाहीस. जिथे सरकार गिऱ्हाइकाच्या मागे उभं आहे तिथे बोनस लहान. जिथे विचारणारं कोणी नाही तिथे सगळ्यात मोठा. म्हणजे नंदाला दोनशे मिळतात ते तिचे लाड म्हणून नव्हेत. तिचे पैसे अडकले तर तिला जायला जागा नाही, त्याचे ते दोनशे. बरोबर ना?

सिंगापूर तुमच्या यादीत नाही हे वाचून मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहीत बसत नाही. तू ही नोकरी धरलीस तेव्हाच मी इथला कायदा काढून वाचला होता. परवाना नसलेला ऑनलाइन जुगार इथे गुन्हा आहे, आणि तो चालवणारा परदेशात बसला आहे म्हणून सुटत नाही. इथल्या लोकांकडून पैजा घेत असेल तर त्यालाही लागू, त्याच्याकडे काम करणाऱ्यालाही लागू होऊ शकतो. गेली चार वर्षं माझ्या मनात हेच होतं. मी फोनवर तुझ्या नोकरीला नावं ठेवली ती यामुळे. आता तो प्रश्नच मिटला.

मग यायला अडचण काय आहे? फेब्रुवारीत चिनी नववर्षाची सुट्टी आहे. खालचे सगळे स्टॉल बंद राहतील, शहर रिकामं असेल, तुला आवडायचं तसं. तुझा बाबा, अभय, आंग मो किओतली नोकरी सोडून पुण्याला परत गेला तेव्हा तुझी शाळेची परीक्षा तोंडावर होती, म्हणून एका वर्षासाठी तुला माझ्याकडे ठेवलं. एका वर्षासाठी ठेवलेली मुलगी लग्नाच्या वयाची होईपर्यंत राहिली. मी काही तुझी आई नव्हे, तेव्हा ये म्हणायचा मला अधिकार आहे की नाही ठाऊक नाही. सुट्टीच्या तारखा कळवते आहे, एवढंच. सतरा आणि अठरा फेब्रुवारी.

सुलेखा आत्या


स्लीमा
३० डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

तारखा पाहिल्या. जमणार नाही. फेब्रुवारी आमच्याकडे कामाचा महिना असतो.

तू लिहिलंस ते बरोबर आहे. विचारणारं कोणी नसेल तिथे बोनस मोठा. आमच्याकडे कोणी इतकं स्पष्ट बोलत नाही, 'बाजार तरुण आहे' असं म्हणतात. पण नुसता मोठा देऊन भागत नाही. प्रत्येक देशात तो कधी द्यायचा आणि कसा द्यायचा हे ठरवणारा माणूस लागतो. पगार कुठे महिनाअखेर होतो, कुठे दर पंधरवड्याला, हे माहीत असावं लागतं. कुठल्या सणाला लोक एकटे पडतात तेही. ब्राझीलचं काम ब्राझीलचा मुलगा बघतो, फिनलंडचं फिनलंडची मुलगी. मी भारताचं बघायची, यंदा तिकडे कायद्याने सगळंच बंद झालं. आता इतर किरकोळ बघते.

एक विचारू? इतकं सगळं खोदून विचारतेस ते नंदामावशीसाठी, की तुझ्या जुन्या खात्याची सवय म्हणून? कायद्याचा परिच्छेद वाचताना मला तुझ्या टेबलासमोर उभं असल्यासारखं वाटलं. आठवीत गणितात नापास झाले होते तेव्हाही तू मला बसायला सांगितलं नव्हतंस.

रागावू नकोस. इथे वारा फार आहे, खिडक्या रात्रभर वाजतात. आपल्या ब्लॉकमध्ये सकाळी खाली झाडूवाला झाडायचा तो आवाज मला हवा असतो. झाडूच्या आवाजासाठी कोणी रडतं का? तू म्हणशील, नाक पूस आणि कामाला लाग.

मैत्रेयी


यिशुन
१६ फेब्रुवारी २०२६

मैत्रेयी,

उद्या चिनी नववर्ष. आज दुपारी नंदा संत्री घेऊन आली आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. लाल पाकिटाचं चित्र. नववर्षाची भेट, एक्कावन्न डॉलर. खाली इंग्रजीत एक ओळ: पन्नास तुमच्यासाठी, आणि वरचा एक, भेट पुढे वाढत राहावी म्हणून.

नंदा म्हणाली, "बघ, यांनाही आपल्यासारखा वरचा एक माहीत आहे." तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी ती ओळ वाचली आणि खुर्चीत बसले. हे वाक्य माझं आहे. तुझ्या न संपणाऱ्या प्रश्नांना कंटाळून मीच तुला हे सांगितलं होतं. कुठल्याही चिनी माणसाला, कुठल्याही गोऱ्या माणसाला हे सुचणार नाही.

तू मला खोटं लिहिलंस. सिंगापूर यादीत नाही म्हणालीस. त्याबद्दल मी आज जास्त लिहिणार नाही, कारण लिहिलं तर हे पत्र टाकवणार नाही.

मला दुसरीच गोष्ट लागली आहे. तू विसरलीस. माझ्या ऑफिसातल्या मिस लिमच्या लग्नाला मी पाकिटात एकशे एक घालत होते. तू मागून येऊन माझा हात धरलास. "आत्या, विषम आकडा नको, ते मयताचं होईल." बारा वर्षांची होतीस. शाळेत शिकून आली होतीस, की लाल पाकिटात सम आकडा, आणि विषम आकडा पांढऱ्या पाकिटात, कोणी गेलं म्हणजे. पुढे खालच्या मजल्यावरचे मिस्टर टॅन गेले, ब्लॉकखाली मांडव घातला, तेव्हा पांढरं पाकीट तूच भरलंस आणि दोन्ही हातांनी तूच दिलंस. मिसेस टॅन अजून तुझी चौकशी करतात.

आणि आता तू या लोकांच्या नववर्षाला, लाल पाकिटात, मयताची रक्कम घालून घरोघरी पाठवलीस. जुगाराच्या धंद्यात गेलीस, मी गप्प बसले नाही पण सहन केलं. खोटं लिहिलंस, तेही कदाचित सहन होईल. पण ज्या गावाने तुला वाढवलं त्याची एवढी साधी रीत तुझ्या डोक्यातून पुसली गेली असेल, तर मी इतके महिने कोणाची वाट बघते आहे?

सुलेखा


स्लीमा
६ मार्च २०२६

आत्या,

तुला पहिली गोष्ट बरोबर कळली. ते पाकीट माझं होतं. दुसरी चुकीची कळली. मी विसरले नव्हते. विसरले नव्हते म्हणूनच एक्कावन्न घातले.

सगळं लिहिते. भारताचं काम चालू असतानाच मला सिंगापूरही दिलं. तू तिथली आहेस, तुला लोक कळतात, म्हणाले. परवाना दुसऱ्याच कुठल्या बेटाचा, दुकानाचं नाव वेगळं, तेव्हा मला वाटलं कोणाला कळणार. गेल्या वर्षीच्या चिनी नववर्षाला मी अठ्ठ्याऐंशी डॉलरचं लाल पाकीट काढलं. आठाचा आकडा, सोनेरी अक्षरं, सगळं जागच्या जागी. फार चाललं. मला बढती मिळाली.

त्यानंतर तक्रारी येऊ लागल्या. पैसे निघत नाहीत, चाळीस पट म्हणजे काय, मला नको तुमचा बोनस, माझे परत द्या. त्यात एका बाईंचा पत्ता आपल्या पलीकडच्या ब्लॉकचा होता. मिनीमार्टच्या वरचा. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण मी त्यांना नक्की पाहिलेलं असणार, लिफ्टपाशी किंवा भाजी घेताना. मी त्यांना ठरलेलं उत्तर पाठवलं. नियम क्रमांक अमुक. आणि त्या दिवसापासून मला घरी यायचं तोंड राहिलं नाही. दिवाळीत पुण्यापर्यंत आले आणि परतले ते यामुळे. तुझा कायद्याचा परिच्छेद मी तुझ्या आधीच वाचलेला होता.

यंदा पुन्हा चिनी नववर्ष आलं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी अठ्ठ्याऐंशी काढले असते. म्हणून मी हो म्हटलं आणि एक्कावन्न घातले. वरिष्ठांनी विचारलं, हा वरचा एक कशाला. मी सांगितलं, आमच्यात तो शुभ असतो, भेट वाढत राहते. खोटं नव्हतं. तुझंच वाक्य त्यांना इतकं आवडलं की जाहिरातीत घातलं. मला माहीत होतं की नववर्षाच्या सकाळी यिशुनमध्ये, आंग मो किओमध्ये कोणी म्हातारा ते पाकीट बघेल, थुंकेल आणि मोबाइल उलटा ठेवील. तसंच झालं. घेणारे फार थोडे निघाले. नंदामावशीसारखे, ज्यांना दोन्ही आकडे सारखेच.

मग आमच्याकडे नवीन लागलेल्या पेनांगच्या मुलाने ते पाहिलं. तो आधी हसला, मग म्हणाला, हे मयताचे पैसे आहेत, कोण हात लावेल. सगळ्यांसमोर मला विचारण्यात आलं, तू सिंगापूरला वाढलीस ना, तुला हे माहीत नव्हतं? चूक झाली म्हणाले असते तर नोकरी टिकली असती. मी म्हटलं, "माहीत होतं."

त्याच आठवड्यात काढलं. भाड्याच्या घराची मुदत मे महिन्यापर्यंत आहे. बार्सिलोनाला एका शाळेत नोकरी मिळण्यासारखी आहे, त्यांचा अर्ज भरून ठेवला आहे.

हे सगळं तुला शाबासकीसाठी लिहीत नाही. एक वर्ष अठ्ठ्याऐंशीही मीच वाटले. फक्त मी विसरले असं समजून तू माझी वाट बघायचं सोडू नयेस, म्हणून लिहिलं. मला येता येत नाही. पण तू वाट बघते आहेस हे मला हवं असतं. हा स्वार्थ झाला, मला कळतं.

मैत्रेयी


यिशुन
२२ मार्च २०२६

चि. मैत्रेयीस,

तुझं पत्र आलं. मी वाचलं ते चुकीचं वाचलं होतं. पुढचं काम बोलू.

श्रीनिवासांची मुलगी जान्हवी आता वकील आहे. श्रीनिवास म्हणजे माझ्या खात्यात होते ते, तुला शाळेत सोडायला कधीकधी गाडी द्यायचे. तिच्याकडे गेले. तुझं नाव सांगितलं नाही, एक मुलगी म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मैत्रेयी कशी आहे?" तेव्हा नाव सांगावं लागलं.

ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, गोड करून नाही. तू माल्टात, बार्सिलोनात, पुण्यात कुठेही राहिलीस तर कोणी तुला शोधत येईल असं तिला वाटत नाही. कंपनीच्या मालकांच्या मागे लागतील, तुझ्यासारख्यांच्या मागे जगभर कोण फिरणार. म्हणजे तू सुखाने राहू शकतेस, फक्त इथे नाही. इथे आलीस तर दोन मार्ग. गुपचूप येऊन राहायचं आणि रोज दाराची घंटा वाजली की दचकायचं. हा मार्ग जान्हवी सांगत नाही आणि मी माझ्या घरात चालू देणार नाही. दुसरा म्हणजे आपण होऊन पोलिसांकडे जाऊन सगळं सांगायचं, गेल्या वर्षीच्या अठ्ठ्याऐंशीसकट. मग चौकशी संपेपर्यंत पासपोर्ट ते ठेवून घेऊ शकतात. खटला होऊ शकतो. दंड होऊ शकतो, तुरुंगही होऊ शकतो. आपण होऊन आली याचं वजन पडतं, पण किती, ते ती सांगत नाही. मी तीनदा विचारलं. माझ्या वयाच्या बाईने तीनदा तोच प्रश्न विचारला म्हणून तिने पाणी मागवलं.

ही झाली वस्तुस्थिती. बँकेत असताना समोरच्याला मी नेहमी दोन पर्याय मांडून देत असे आणि माझं मत सांगत नसे. तुलाही तसंच वाढवलं. बार्सिलोनाची नोकरी चांगली वाटते. तिकडे जाणं हे शहाणपणाचं आहे, आणि तू गेलीस तर मी तुला भित्री म्हणणार नाही, कोणाला म्हणू देणार नाही. दर महिन्याला पत्र लिहीन. गुडघे साथ देत आहेत तोवर येऊनही जाईन.

आता माझं मत विचारलेलं नसताना सांगते. तू आठवीत नापास झालीस तेव्हा मी तुला बसायला सांगितलं नाही हे तू लिहिलंस. मीही उभीच होते, ते तुझ्या लक्षात राहिलं नाही. खटला झाला तर मी कोर्टात बसणार आहे, रोज, पहिल्या रांगेत. नंदाही येणार म्हणते, तिला थांबवणं माझ्या हातात नाही. तुरुंग झाला तर भेटीचा दिवस चुकणार नाही. तुझ्या बाबाला मी स्वतः सांगेन.

काय करावं ते मी सांगत नाही. मला काय हवं आहे ते सांगते. तू यावंस. इतकी वर्षं हे वाक्य मी सुट्टीच्या तारखांमागे लपवत आले. तू यावंस, मैत्रेयी.

सुलेखा आत्या


स्लीमा
८ एप्रिल २०२६

आत्या,

तुझं पत्र समुद्रावर नेऊन वाचलं. घरात वाचता आलं नाही.

बार्सिलोनाच्या शाळेला नाही कळवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, याहून चांगली जागा मिळाली का. मी हो म्हटलं. मग हसूच आलं, कारण पोलीस चौकीला चांगली जागा म्हणणारी मी पहिलीच असेन.

मला भीती वाटते. हे इंग्रजीत लिहिलं तर बरं वाटेल का म्हणून लिहून पाहिलं, तितकीच वाटते. अठ्ठ्याऐंशीचं सगळं मी आठवून, तारखांसकट जान्हवीताईला पाठवलं आहे. त्या तक्रार करणाऱ्या बाईंना पाठवलेलं उत्तरही. ते वगळावं असं दोनदा मनात आलं.

तिकीट आठ मेचं काढलं आहे, नऊला पहाटे उतरते. परतीचं काढलं नाही. तिकीट देणाऱ्या मुलीने दोनदा विचारलं, परतीचं बरोबरच घेतलं तर स्वस्त पडेल. मी आपल्या सिंगापुरी बोलीत म्हटलं, कॅन लाह, नको. तिला काही कळलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं.

एक सांग. उतरल्यावर आधी घरी यायचं, की सरळ चौकीवर जायचं? तू कधी नियमाला उशीर करत नाहीस. तू म्हणशील तसं करीन. बॅग हातात घेऊन सरळ जायचं असेल तर बॅग लहान आणते.

तुझी
मैत्रेयी


यिशुन
२० एप्रिल २०२६

चि. मैत्रेयीस,

बॅग मोठी आण.

जान्हवीशी बोलले. तिने चौकीवर आधी कळवून ठेवलं आहे, की अमुक मुलगी आपण होऊन येणार आहे, त्यामुळे विमानतळावर पळापळ करायचं कारण नाही. तिथे कोणी अडवून काही विचारलंच तर खरं सांगायचं आणि तिचा नंबर द्यायचा. तो नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, मोबाइलच्या भरवशावर राहू नकोस. निघायच्या आधी घरमालकाकडून अनामत परत घे. वीज आणि पाण्याची बिलं भरून पावत्या जवळ ठेव. मागे कोणाचं काही ठेवून येऊ नकोस.

चौकीवर जाताना साधे कपडे. विचारतील तेवढंच सांगायचं, पण विचारतील ते सगळं सांगायचं. मी बरोबर येणार. आत येऊ देणार नाहीत, बाहेर बाकावर बसेन. किती वेळ लागेल ते जान्हवीला सांगता येत नाही. मला कुठे जायचं नाही.

मी विमानतळावर येते आहे. पहाटे एमआरटीच्या गाड्या सुरू नसतील, टॅक्सी सांगून ठेवली आहे. नंदाला तारीख एक दिवस पुढची सांगितली आहे. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं नव्हे, पण ठरवून सांगितलेलं पहिलंच.

आता तुझा प्रश्न. आधी घरी. जान्हवी सकाळी दहाची वेळ घेत होती. मी तिला दुपारची घ्यायला लावली. ती म्हणाली, जितक्या लवकर जाऊ तितकं चांगलं दिसतं. मी म्हटलं, दिसू दे कसं दिसतं ते.

तेव्हा सकाळ आपली आहे. बोलायचं असेल तर बोलू. झोप येत असेल तर तुझ्या खोलीत जाऊन दार लावून घे. मी उठवणार नाही.

तुझी
आत्या